लिस्बनच्या धक्क्यावर आठ तास: आई-बाबांसोबत, बोटीवरून उतरून

मिऱ्याबंदर:
मे महिन्याच्या शेवटी आई-बाबांना घेऊन साउदॅम्प्टनहून क्रूझ केली. आधी स्पेनमधलं व्हिगो, मग लिस्बन, मग परत. बोट एखाद्या शहरात सात-आठ तास थांबते तेव्हा नेमकं काय बघावं, हा प्रश्न इथे बऱ्याचदा येतो, म्हणून लिस्बनचा दिवस सविस्तर लिहिते आहे.

आधी आमच्याबद्दल. बाबा ७६ वर्षांचे. रत्नागिरीत शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. आईचे गुडघे दुखतात, सपाट रस्त्यावर ती तासभर चालते, पायऱ्या मात्र नको म्हणते. त्यामुळे किल्ला, चढाच्या गल्ल्या आणि २८ नंबरची प्रसिद्ध पिवळी ट्राम मी यादीतून पहिल्याच दिवशी काढून टाकली. उरलं ते सगळं आपल्या किनाऱ्याशी जोडलेलं निघालं. हे ठरवून झालं नव्हतं, पण आता कोणी विचारलं तर मी हेच सांगेन: आठ तासांत अख्खं लिस्बन बघायला जाऊ नका. आपल्या कोकण-गोव्याचा धागा धरून चाला, चार-पाच जागा पुरेशा होतात.

दिवस धक्का लागायच्या आधी सुरू होतो, हे कृपया लक्षात ठेवा. लिस्बन समुद्रावर नाही, टॅगस नदीच्या मुखात आहे. स्थानिक लोक नदीला तेझू म्हणतात. बोट पहाटे समुद्रातून नदीत शिरते आणि बराच वेळ उत्तर काठ डाव्या हाताला ठेवून हळूहळू वर सरकते. आम्ही सहा वाजता शाली गुंडाळून डाव्या बाजूच्या कठड्याला उभे होतो. नाश्ता नंतर मिळतो, हे दृश्य परत मिळत नाही.

काठावर फिकट रंगांच्या इमारती, मधून पळणारी लोकल गाडी. मी फोनवर नकाशा उघडून एकेक गाव वाचत होते. कश्काइश, एश्तोरील, ओएइराश... आणि मग कशियश. बाबा म्हणाले, "काय म्हणालीस? परत वाच." मी परत वाचलं. ते कठड्यावर हात ठेवून काठाकडे बघत राहिले. "मोहन रानडे इथे होते," एवढंच म्हणाले. तुरुंग पाण्यावरून नेमका कुठला ते आम्हाला ओळखता आलं नाही. टेकडीवर झाडी आणि घरं दिसली. कशियश मागे जाईपर्यंत बाबा तिथून हलले नाहीत.

मग बेलेंचा बुरूज आला, पाण्याच्या अगदी कडेला, आणि लगेच लाल रंगाचा झुलता पूल. पुलाची पाण्यापासूनची उंची ७० मीटर आहे, तरी खालून जाताना बोटीचं धुराडं आता घासणार असंच वाटतं. वर गाड्या लोखंडी जाळीवरून धावतात, त्याचा सलग घुमणारा आवाज येतो, मधमाशांच्या पोळ्यासारखा. हा पूल १९६६ साली उघडला तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं. १९७४ च्या क्रांतीनंतर ते पुसून २५ एप्रिल हे नाव दिलं. सालाझार म्हणजे तोच, ज्याने गोवा सोडायला शेवटपर्यंत नकार दिला.

बोट अल्फामा या जुन्या वस्तीच्या पायथ्याशी लागते. त्या जागेचं नाव 'जार्दिं दु ताबाकु', म्हणजे तंबाखूची बाग. आपला तंबाखू हा शब्द पोर्तुगीजांकडूनच आला, हे बाबांनी उतरता उतरता सांगितलं. धक्का शहरातच आहे, हे लिस्बनचं मोठं सुख. शटल बस वगैरे काही लागत नाही.

पुढचं रात्री लिहिते.

गोदाकाठ:
सुंदर सुरुवात. दोन व्यावहारिक प्रश्न. आई-बाबांचा व्हिसा कसा केला? आणि घड्याळाचं काय? आमच्या ओळखीचे एक कुटुंब दुसऱ्या एका बंदरात वेळेच्या गोंधळात बोट सुटता सुटता पोचले होते.

मिऱ्याबंदर:
आई-बाबांचा भारतीय पासपोर्ट. इंग्लंडचा व्हिजिटर व्हिसा होताच, त्यावर परत येता येतं. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) त्यांनी निघण्यापूर्वी मुंबईहूनच काढला. इंग्लंडला पर्यटक म्हणून आल्यावर इथून तो काढता येईल या भरवशावर राहू नका. आणि एकापेक्षा जास्त प्रवेशांचा मागा. क्रूझचा मार्ग ऐनवेळी बदलतो, मध्येच एखादं बंदर शेंगेनबाहेरचं आलं तर एका प्रवेशाचा व्हिसा तिथेच संपतो.

घड्याळाबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं झालं. पोर्तुगालची वेळ इंग्लंडएवढीच, स्पेनची एक तास पुढे. व्हिगोहून आल्यामुळे बाबांच्या मनगटावर स्पेनची वेळ राहिली होती, म्हणजे ते तासभर आधीच 'चला, चला' करत होते. त्याने काही बिघडलं नाही. पण लिस्बनहून पुढे स्पेनला जाणाऱ्या बोटीत उलटं होऊ शकतं. बोटीवरून उतरताना दारात 'परत येण्याची वेळ' लिहिलेली असते, त्याचा फोटो काढा आणि ती वेळ बोटीच्या घड्याळाची की गावच्या, हे तिथल्या माणसाला तोंडी विचारा. बोट सुटायच्या अर्धा तास आधी दार बंद होतं.

मांडवीतीर:
कशियशचं वाचून अंगावर काटा आला. माझे आजोबा पणजीला होते, आमच्या घरात रानडे यांचं नाव नेहमी निघायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. मोहन रानडे सांगलीचे. मूळ नाव मनोहर आपटे. गोव्यात मराठी शिक्षक म्हणून आले आणि आझाद गोमंतक दलात काम करू लागले. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. २६ वर्षांची शिक्षा झाली. पुढे त्यांना पोर्तुगालला नेऊन कशियशच्या किल्ल्यात ठेवलं.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण हा माणूस तिकडे कोठडीतच. आपण सगळे स्वतंत्र झालो आणि ते आणखी सात वर्षं आत. त्यांच्या सुटकेसाठी इथे समिती झाली, सुधीर फडके त्यात मनापासून झटले. तामिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपकडे शब्द टाकला. जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. २०१९ मध्ये पुण्यात गेले. तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. बोटीवरून ते नाव कानावर पडताच ज्यांना आठवलं, असे लोक आता कमी राहिलेत.

मिऱ्याबंदर:
मांडवीतीर, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला.

आता दिवसाचं. पावणेनऊला बाहेर पडलो. धक्क्याजवळच सांता अपोलोनिया हे रेल्वे आणि मेट्रोचं स्थानक आहे. तिथे अर्ध्या युरोचं 'नावेगांते' कार्ड घेऊन त्यात पैसे भरले. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, एकावर तिघे चालत नाहीत. रस्त्यावरून ७२८ नंबरची बस थेट बेलेंला जाते. टॅक्सीवाले मागे लागतील, पण सकाळी ही बस रिकामी होती आणि आईला खिडकी मिळाली. रस्त्याच्या दुतर्फा नीलमोहर फुललेला. आई म्हणाली, "हा आपल्याकडचाच ना?" नीलमोहर मुळात दक्षिण अमेरिकेतला, त्यांच्याकडेही बाहेरूनच आला आणि आपल्याकडेही.

बेलेंला जेरोनिमोस मठ. दार उघडायच्या अर्धा तास आधी पोचा, कारण बोटींच्या बसगाड्या दहानंतर येऊन ओततात. मठाचं नक्षीदार अंगण आणि चर्च यांच्या रांगा वेगळ्या असतात. आम्ही फक्त चर्चमध्ये गेलो आणि मला त्याची अजिबात रुखरुख नाही.

१५०१ मध्ये राजा मॅन्युएलने हे बांधायला घेतलं, पूर्वेकडून आलेल्या मसाल्याच्या पैशांवर. दगड 'लियोझ' नावाचा चुनखडक, सकाळच्या उन्हात साईसारखा पिवळट दिसतो. खांबांवर, दारांवर दगडात कोरलेले दोर आहेत. जहाजाचे दोर, गाठींसकट. बाबांनी एका दोरावर बोट ठेवून पीळ मोजायला सुरुवात केली. आम्ही बंदरावरचे लोक, दोराचा पीळ खरा की खोटा हे आम्हाला कळतं. पीळ खरा होता. कोरणाऱ्याने कधीतरी ओला दोर हातात धरलेला असणार.

आत शिरल्याबरोबर डाव्या हाताला वास्को द गामाची कबर. वर हात जोडून पहुडलेला दगडी माणूस, बाजूला कोरलेलं गलबत. तो मेला कोचीला, १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी. आधी तिथल्याच सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये पुरला होता, १५३९ मध्ये अस्थी पोर्तुगालला नेल्या आणि इथे आणल्या त्या १८८० मध्ये. बाबा कबरीजवळ बराच वेळ उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "तीस वर्षं फळ्यावर १४९८ लिहिलं. ज्याने लिहायला लावलं तो हा." पुढचे लोक ढकलत होते म्हणून सरकावं लागलं, नाहीतर ते आणखी थांबले असते.

तिथून नदीकडे यायला भुयारी रस्ता आहे. पलीकडे दर्यावर्दी लोकांचं ५२ मीटर उंच स्मारक, त्याच्यासमोर जमिनीवर संगमरवरात जगाचा नकाशा. लोक आपापल्या देशावर उभे राहून फोटो काढतात. आईने आपला पश्चिम किनारा शोधला आणि गोव्याच्या किंचित वर, जिथे रत्नागिरी यायला हवी, तिथे चप्पल काढून उभी राहिली. चप्पल का काढलीस विचारलं तर म्हणाली, "आपली जमीन आहे."

बुरुजापर्यंत आम्ही चाललो नाही, सकाळी बोटीवरून पाहिला होता. पण त्याच्या एका कोपऱ्याखाली गेंड्याचं झिजलेलं डोकं कोरलेलं आहे, चालवत असेल तर जरूर शोधा. गुजरातच्या सुलतानाने दिलेला हा गेंडा अफोंसो द अल्बुकर्कने गोव्याहून जानेवारी १५१५ मध्ये जहाजात चढवला आणि २० मे ला तो लिस्बनला उतरला, जिवंत. युरोपने रोमन काळानंतर पाहिलेला पहिला गेंडा. आपला शब्दच त्यांनी 'गंडा' असा उचलला. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावायचा घाट घातला तर हत्ती पळून गेला. मग तो पोपला भेट म्हणून पाठवला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून तो साखळदंडासकट गेला. ही गोष्ट ऐकून आईला फार वाईट वाटलं. संध्याकाळी जेवतानाही तिने त्याचंच काढलं.

त्याच अल्बुकर्कचा पुतळा मठापासून थोड्याच अंतरावर, राष्ट्राध्यक्षांच्या गुलाबी वाड्यासमोरच्या बागेत उंच खांबावर उभा आहे. १५१० मध्ये गोवा घेणारा हाच, आणि आपल्या हापूसचं नाव अफोंसोवरून आलं असं म्हणतात तो हाच. आमची सत्तर कलमं आहेत. आम्ही तिघे बाकावर बसून त्या पुतळ्याकडे बघत होतो आणि कोणालाच काय बोलावं कळत नव्हतं. शेवटी आई म्हणाली, "नाव त्याचं राहू दे. कलमं आपण वाढवली."

शिदोरी:
आईंचं वाक्य फार आवडलं. शाकाहाऱ्यांसाठी खाण्याचं सांगाल का? माझ्या सासूबाई अंडंही खात नाहीत.

मिऱ्याबंदर:
शिदोरीताई, मग बेलेंचे ते प्रसिद्ध गोड पेढ्याएवढे पेस्ट्रीचे वाडगे सासूबाईंना चालणार नाहीत. त्यात अंड्याचा पिवळा बलक मुख्य. १८३४ मध्ये मठ बंद झाले आणि मठातली कृती बाहेरच्या दुकानात आली, १८३७ पासून तिथे ते भाजले जातात. दुकानाबाहेर मोठी रांग असते ती बांधून नेणाऱ्यांची. आत निळ्या-पांढऱ्या फरशांच्या खोल्यांमागून खोल्या आहेत, तिथे बसायला पटकन जागा मिळते. गरम असतानाच दालचिनीची पूड भुरभुरून खायचं. वरचा पापुद्रा आपल्या खाज्यासारखा फुटतो.

अंडं न खाणाऱ्यांनी पाव, चीज, ऑलिव्ह, फळं यावर भागवावं. कुठल्याही साध्या कॅफेत चीज घालून भाजलेला पाव मिळतो. हिरव्या पालेभाजीचं सूप लोक सुचवतात, पण त्यात बहुतेकदा डुकराच्या सॉसेजची चकती टाकतात, आधी विचारा. 'शमुसा' नावाने चक्क समोसा मिळतो, गोव्याकडून तिकडे गेलेला, पण आत बऱ्याचदा मांस असतं.

एक लहानसा प्रसंग. कॅफेत आईला स्वच्छतागृहात जायचं होतं, दाराला कुलूप. काउंटरवरच्या बाईंनी खिळ्यावरून किल्ली काढून हातात दिली आणि म्हणाल्या, "शाव." आईने माझ्याकडे वळून विचारलं, "चावी म्हणाली का गं ती?" हो, चावीच. मग दिवसभर तिचा तोच खेळ. पाटीवर बटाटा सापडला, कोबी सापडला, पाव सापडला, अननस सापडला. लिलाव, घमेलं, पगार, नाताळ हेही तिकडचेच, हे बाबांनी पुरवलं. वयाच्या बहात्तराव्या वर्षी परदेशात तिला पहिल्यांदा परकं वाटलं नाही, असं ती म्हणाली. मला या सगळ्या सहलीत हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

पायपीट:
ज्यांचे गुडघे ठीक आहेत त्यांच्यासाठी पर्याय सांगतो. मी दोन वर्षांपूर्वी एकटा होतो. बेलेंला गेलोच नाही, धक्क्यावरून सरळ अल्फामात शिरलो. १७५५ च्या भूकंपात ही वस्ती बरीचशी वाचली, म्हणून गल्ल्या जुन्या, मूर म्हणजे मुस्लिम राजवटीच्या काळातल्या वळणाच्या. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला उंबऱ्यात चढावं लागतं. वर दोऱ्यांवर कपडे, खाली पिंजऱ्यात पक्षी, दारात बसून घरची चेरीची दारू छोट्या पेल्यातून विकणाऱ्या आज्या. वर सांता लुझियाच्या सज्जावरून तुम्हाला तुमचीच बोट दिसते, घरांच्या लाल कौलांपलीकडे, अख्ख्या वस्तीपेक्षा उंच. मंगळवारी किंवा शनिवारी बोट असेल तर धक्क्याच्या वरच्या अंगाला सांता क्लाराच्या मैदानात जुना बाजार भरतो, जुन्या फरशा, पितळी सामान, नाणी. मी तिथे दोन तास घालवले.

बुटांबद्दल मात्र ऐका. पदपथ पांढऱ्या-काळ्या चुनखडकाच्या छोट्या चौकोनी तुकड्यांचे. शंभर वर्षांच्या पायांनी घासून काचेसारखे गुळगुळीत झालेत. पाऊस पडला की उतारावर घसरण ठरलेली. रबरी तळव्याचे बूटच हवेत. आणि २८ नंबरच्या ट्राममध्ये गर्दीत पाकीटमारी चालते, बोटीवरच्या ओळखपत्राला वेगळा खिसा ठेवा.

गोदाकाठ:
मी नाशिकचा. लिस्बनला कामासाठी गेलो असताना संध्याकाळी चर्चची घंटा वाजली आणि मला एकदम नारोशंकराचं देऊळ आठवलं. गोदाकाठच्या त्या घंटेवर १७२१ साल आहे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांना वाहिल्या, त्यातली ही. लहानपणी पुराचं पाणी घंटेला लागलं की नाही हे बघायला आम्ही पळायचो. तोच नाद त्या परक्या गावात ऐकला तेव्हा पाय थबकले होते. तुमच्या बाबांना हे जरूर सांगा.

उंबरठा:
सगळं छान लिहिलंय, पण मनात आलेलं स्पष्ट बोलते. वास्को द गामाच्या कबरीवर आणि अल्बुकर्कच्या पुतळ्याखाली आपण का जावं? या लोकांनी आपल्या किनाऱ्यावर काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय होतं. देवळं पाडली गेली, लोक देव डोक्यावर घेऊन नदीपलीकडे पळाले. आमचं कुलदैवत तसंच स्थलांतरित झालेलं आहे. मी लिस्बनला बोटीच्या टूरने गेले होते. गाइडने तीन तासांत 'शोधांचं सुवर्णयुग' एवढंच दहा वेळा सांगितलं आणि मला बसमधून उतरावंसंही वाटलं नाही.

मिऱ्याबंदर:
उंबरठाताई, तुमचं दुखणं खरं आहे आणि मी ते खोडणार नाही. माझं म्हणणं एवढंच की टूरच्या बसमधून ते दिसणारच नाही. आमची दुपार नेमकी त्याचीच होती, म्हणून ती आता लिहिते.

बेलेंहून लोकलने काइश दु सोद्रे स्थानकाला आलो, काही मिनिटांचा प्रवास. तिथून रुआ दु आर्सेनाल या रस्त्याने चालत मोठ्या चौकाकडे निघालो. वाटेत खारवलेल्या कॉड माशांची दुकानं. माणसाच्या हाताएवढे पांढरट, ताठ, मीठ फुललेले मासे फळ्यांसारखे रचलेले. आई दुकानाच्या दारात थांबून खोल श्वास घेऊन म्हणाली, "मे महिन्यातलं मिरकरवाडा बंदर." दुकानदाराने तिचा चेहरा बघितला आणि एक तुकडा कापून हुंगायला दिला. भाषा कोणालाच येत नव्हती, आणि तरी पाच मिनिटं दोघं खुणांनी मीठ आणि ऊन यावर बोलत होते.

पुढे चौक, एका बाजूने थेट नदीला उघडा. इथे राजवाडा होता, आणि पूर्वेच्या व्यापाराची कचेरी, 'काझा दा इंडिया'. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळी लोक चर्चमध्ये, सगळीकडे मेणबत्त्या. भूकंप झाला, मग नदीतून समुद्राची लाट आली, मग कित्येक दिवस आग. राजवाडा गेला, त्या कचेरीचे बहुतेक कागद गेले. आपल्या किनाऱ्याबद्दलचं किती काय त्यात जळलं असेल, या विचाराने बाबा खरंच हळहळले. त्या वेळी इकडे नानासाहेब पेशवे होते. वसई जाऊन सोळा वर्षं झाली होती. नंतर राजाचा मंत्री पोंबाल याने सरळ रस्त्यांचं नवं शहर बांधलं, भिंतींच्या आत लाकडी पिंजरा बसवून, आणि तो टिकतो का ते पाहायला नमुन्याभोवती सैनिक नाचवून जमीन हादरवली म्हणे. आज तुम्ही त्याच घरांमधून चालता.

रोसियू चौकात जे सुंदर नाट्यगृह आहे, त्या जागी इन्क्विझिशनचा वाडा होता. ताई, गोव्यातली ती यंत्रणा याच मुळाची फांदी. बाजूलाच साओ डोमिंगोस चर्च. तिथे जा, नक्की जा. १९५९ मध्ये ते आतून जळलं आणि त्यांनी ते चकाचक केलं नाही. खांब तडकलेले, दगडाचे पोपडे निघालेले, भिंती काजळलेल्या विटकरी रंगाच्या. आत शिरलं की आवाज आपोआप खाली येतो. बाहेर दगडी स्मारक आहे, १५०६ मध्ये याच चर्चपासून सुरू झालेल्या ज्यूंच्या कत्तलीचं. म्हणजे तीन तासांच्या टूरमध्ये नसलं तरी, शहराने आपलं पाप मान्य करून भर चौकात मांडलेलं आहे. गोव्यासाठी असं स्मारक मला तिथे कुठे दिसलं नाही, आणि ते असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तिथून रुआ दुश फांकेइरुश या रस्त्यावर सार्वजनिक फुकट लिफ्ट आहे, चढ वाचतो. वरून हळूहळू जुन्या कॅथेड्रलकडे आलो, आणि त्याच्या शेजारीच अल्जुब. सालाझारच्या काळातला राजकीय कैद्यांचा तुरुंग, १९६५ मध्ये बंद केला, २०१५ पासून संग्रहालय आहे. सोमवारी बंद असतं, मठही सोमवारी बंद, तेव्हा बोट सोमवारी लागणार असेल तर आधीच मनाची तयारी ठेवा.

आत एकांतवासाच्या कोठड्या जशा होत्या तशा उभ्या केल्यात. जेमतेम माणूस आडवा होईल एवढी जागा. बाबा एकीत शिरले आणि त्यांनी दोन्ही हात पसरायचा प्रयत्न केला. हात पुरते पसरलेच नाहीत, कोपरं भिंतींना टेकली. ते तसेच उभे राहिले. मग बाहेर येऊन त्यांनी तिथल्या तरुण मुलीला माझ्याकरवी विचारलं, कशियशही असाच होता का. ती म्हणाली, तिथले कैदी २५ एप्रिलच्या क्रांतीनंतर दोन दिवसांत बाहेर आले. तिने विचारलं, "तुमचं कोणी होतं का तिथे?" बाबा म्हणाले, "हो." मी ते तसंच भाषांतर करून सांगितलं. तिने बाबांचा हात दोन्ही हातांत धरला.

ताई, म्हणून मला वाटतं, जावं. ज्या राजवटीने रानड्यांना कोंडलं तिनेच स्वतःची माणसंही कोंडली होती, आणि ती राजवट त्याच माणसांनी उलथवली. १९७४ च्या शेवटी पोर्तुगालने गोव्याचं भारतात असणं मान्य केलं ते त्याच क्रांतीमुळे. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. त्या मुलीच्या हातामुळे ते समजलं.

उतरताना 'काझा दुश बिकुश' हे घर लागतं, दर्शनी भिंत सगळी टोकदार दगडांची, फणसाच्या सालीसारखी. १५२३ मध्ये अल्बुकर्कच्या मुलाने बांधलं. आता तिथे लेखक सारामागो यांच्या नावाची संस्था आहे आणि दारातल्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांच्या अस्थी आहेत. आई झाडाच्या पारावर दहा मिनिटं बसली. तिथून धक्का सपाट रस्त्याने पंधरा-वीस मिनिटं. चार वाजता आम्ही बोटीवर होतो.

उंबरठा:
हे वाचलं. कोठडीतले हात डोळ्यांसमोरून जात नाहीत. पुढच्या वर्षी आम्ही मुलाकडे जाणार आहोत, या वेळी टूर न घेता आधी अल्जुबला जाईन.

मांडवीतीर:
"हो" म्हणाले ते. देव बरें करूं तुमच्या बाबांचें.

गोदाकाठ:
आमची बोट सप्टेंबरात लिस्बनला लागतेय, पण पहाटे अंधारात शिरणार. मग कशियश दिसणार नाही का?

मिऱ्याबंदर:
निघताना बघा. परत जाताना उत्तर काठ उजव्या हाताला येतो, तेव्हा उजव्या बाजूच्या कठड्याला जागा धरा. पूल, मग दर्यावर्दी स्मारक, मग बुरूज. बुरूज मागे पडला की बहुतेक लोक आत जेवायला जातात. तुम्ही थांबा. साधारण वीस मिनिटांत कशियश येईल, काठाकाठाने लोकल धावताना दिसेल, वर टेकडी. आम्ही निघालो तेव्हा ऊन तिरपं होऊन टेकडीवर पडलं होतं. बाबांनी टोपी काढून हातात धरली होती.